मालक निघून गेलेली मस्टँग

मंदीत आमची साइट बंद पडली, तेव्हा विकण्याआधी नीट करून घ्यायला मी माझी गाडी शारजाच्या एका गॅरेजात नेली. तिथे गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढणारा एक पेशावरचा पठाण डेंटर एका जुन्या अमेरिकन मस्टँगवर काम करत होता. तिचा मालक नोकरी गेल्यावर गाडी तिथेच टाकून देश सोडून गेला होता.

माझी गाडी दोन दिवसांत झाली, तरी मी जात राहिलो. जेवणाच्या सुट्टीत तो मस्टँगला हात लावी. गंजलेला पत्रा कापून नवा बसवी, मग डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवी. मला जिथे काहीच जाणवत नसे, तिथे तो पुन्हा हातोडी टेकवी. वीस वर्षं मी इमारती बांधल्या, पण कुणी न सांगता इतकं चोख काम करणारा माणूस पाहिला नव्हता.

"उस्ताद, मालिक तो गया. किसके लिए कर रहे हो?" मी एकदा विचारलं.

"मालिक गया," तो म्हणाला. "गाडी तो इधर ही है. समंदर की हवा इसको खा जाएगी."

मला नवी नोकरी लागली, तरी सुट्टीच्या दिवशी मी जाई. दीड वर्षाने इंजिन सुरू झालं, तेव्हा गल्लीतले सगळे मेकॅनिक काम सोडून बाहेर आले.

महिन्याभरात मालकाच्या थकलेल्या कर्जापायी बँकेने गाडी जप्त केली. न्यायला ट्रक आला. मला वाटलं, हा भांडेल. त्याने आतून स्वतःची रजई आणली आणि ट्रकवर बांधायचा पट्टा नि गाडीचा रंग यांच्यामध्ये नीट घातली.

"अब खींचो," तो ड्रायव्हरला म्हणाला. "आहिस्ता."

रजई गाडीबरोबरच गेली.