लाइट परत आली तेव्हा
परवा रिसालीत घरी लाइट गेली, दोन सेकंदांत आली, चटणीचा मिक्सर आपोआप फिरू लागला आणि मला कुरुदजवळच्या छोट्या रोलिंग मिलमधली एक दुपार आठवली. लोखंडाचा चुरा वाहणाऱ्या पट्ट्याच्या मोटरला तिथली इंजिनिअर म्हणून मी वेग सांभाळणारा नवा मायक्रोप्रोसेसरवाला ड्राइव्ह बसवला होता आणि लाइट आली की मोटर आपोआप पूर्वीच्या वेगावर यावी, अशी सेटिंग टाकली होती. पट्ट्यावर काम करणारे काका तेव्हा रजेवर होते. परतल्यावर म्हणाले, "मॅडम, हे डबं माह्यापेक्षा हुशार हाय का?" मी म्हटलं, "काका, याला बिडी लागत नाही." ते हसले, सेटिंगचं सांगायचं राहिलं. पूर्वी लाइट आली तरी जुन्या पॅनलचं हँडल फिरवल्याशिवाय मोटर हलत नसे, म्हणून लाइट गेली की रोलरला चिकटलेला चुरा ते हातानेच खरवडायचे. कित्येक वर्षांची सवय. त्या दुपारी लाइट गेली आणि ते वाकले. मी पॅनलपासून ओरडले, तोवर लाइट आली होती. मोटरने झटका दिला नाही. मी ठरवून दिल्याप्रमाणे तिने सावकाश वेग घेतला. काकांचा उजवा हात कोपरापर्यंत रोलरमध्ये गेला. दवाखान्यात काका एवढंच म्हणाले, "पहिले तं थांबून राहे ना ते, मॅडम." चौकशीच्या कागदावर कामगाराची चूक असं लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली. ती सही मी उजव्या हाताने केली, हे मला आजही स्पष्ट आठवतं.