कारण : मत

परब हवालदार ड्युटीवर आले की आधी टॉर्च टेबलावर ठेवत आणि तिचं तोंड भिंतीकडे वळवत. लॉबीतल्या एखाद्या मुलाने ती उचलून दुसऱ्याच्या डोळ्यांवर धरली, तर त्यांचा आवाज चढे. "तोंड माणसाकडे करूचा नाय!"

"अंकल, इट्स ओन्ली अ टॉर्च."

"हात तोच असता," ते म्हणत.

दुबईत, अल बर्शातल्या आमच्या इमारतीचे ते सुरक्षारक्षक. मी जवळच्या शाळेत ग्रंथपाल आहे. पहिल्या भेटीत त्यांनी ओळख करून दिली ती अशी : "परब. पोलीस हवालदार. बडतर्फ." शेवटचा शब्द त्यांनी एखादी पदवी सांगावी तसा सांगितला. सगळे त्यांना अंकल म्हणत, मी मात्र त्या दिवसापासून हवालदारच म्हणत आलो.

कोकणातल्या एका पोलीस ठाण्यात शस्त्रांची नोंद त्यांच्याकडे होती. निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. त्या वर्षी भात पिकलं होतं, रानडुकरं रोज शेतात उतरत होती, आणि शेतकरी आपापल्या ठासणीच्या बंदुका आणून मुकाट्याने ठेवून जात होते. गावातल्या पुढाऱ्याचं पिस्तूल मात्र सवलतीत त्याच्या कमरेलाच राहिलं. परबांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, नाव आणि हुद्द्यासकट. 'शेत राखणाऱ्यावर अविश्वास आणि मिरवणाऱ्यावर विश्वास, हा कुठला न्याय? परवाना ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.' ऐन निवडणुकीत सरकारी नोकराने राजकीय मत मांडलं म्हणून चौकशी बसली. साहेबांनी वाट दाखवली होती : माझ्या नावाने दुसऱ्याच कुणीतरी पत्र धाडलं, एवढं लिहून दे.

"सही माझी, अक्षर माझा. दुसरो खयसून आणू?" परब म्हणाले आणि घरी गेले.

त्यांचं म्हणणं मला कधी पटलं नाही. मी त्यांना सांगितलंही, "हवालदार, मला बंदुकीची भीती वाटते." ते खूश झाले. "मग तुमका पयलो परवानो! भिणारो माणूसच ती नीट सांभाळता." आमचा हा वाद सहा वर्षं चालला. त्या सहा वर्षांत त्यांच्या हाती त्या टॉर्चपलीकडे काही नव्हतं, आणि मतात तसूभर फरक नव्हता.

मागच्या वर्षी अबुधाबीत सुपरवायझरची जागा निघाली. ती मिळाली असती तर बायकोला इकडे आणता आलं असतं. सुमनवहिनींना दुबई बघायची फार हौस. फॉर्म भरायला ते माझ्याकडे आले. एक रकाना होता : आधीची नोकरी सोडण्याचं कारण.

"पर्सनल रीझन्स लिहितो," मी म्हणालो. "सगळे तेच लिहितात."

"पर्सनल काय त्यात? पेपरात छापून इला होता."

"हवालदार, वहिनींचा तरी विचार करा."

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्या इंग्रजी फॉर्मवर देवनागरीत, ठाण्याच्या वहीत लिहावं तशा ठळक अक्षरात, दोनच अक्षरं लिहिली : 'मत'.

मुलाखतीहून आले ते हसतच. "विचारल्यानी, ये क्या लिखा है? मी सगळा सांगितलंय. म्हणाले, पुलीस से निकाला हुआ आदमी? म्हटलं, हां साब, मुंह खोला था." मग टॉर्च भिंतीकडे वळवत म्हणाले, "खलास."

चार महिन्यांनी, भर दुपारी, खुर्चीतच ते गेले. हृदयविकाराचा झटका. कंपनीने कागदपत्रं केली, शव गावी पोचलं. वहिनींना फोन करायला मला आठवडा लागला. मनात एकच गोष्ट सलत होती. तीच आधी बोललो, "वहिनी, मी त्यांना खोटं लिहायला सांगत होतो. जरा जोर केला असता, तर शेवटचे दिवस तुम्ही बरोबर असता."



"त्या फॉर्माचो फोटो माका धाडल्यानी होतो," त्या म्हणाल्या. "दुबई बघूची होती, नाय कशाक म्हणू? पण तुमचा आयकला नाय ता बरा झाला, भावजी. साहेबाक नाय म्हणान घराक इले, तेव्हा मीच जेवण वाढला होता. मगे माझ्यासाठी खोट्याक हो म्हटलानी असता, तर मी खयच्या तोंडान थंय येतलंय होतंय?"