अपुऱ्या मालावर सही

"पुरा माल, मग सही." एवढं बोलून हवालदार पेनाला टोपण लावत आणि पेन खिशाला अडकवत. टोपणाचा टक् आवाज झाला की समोरच्याने समजावं, आता वाद घालण्यात अर्थ नाही. मग तो ट्रकवाला असो, कुरिअरवाला असो, नाहीतर खुद्द आमचे साहेब असोत.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंप बनवायचा लहानसा कारखाना होता. मी ऑफिसात टायपिंग, फोन आणि पत्रव्यवहार बघायची, हवालदार स्टोअर सांभाळायचे. मूळचे शिराळ्याकडचे. सैन्यात सगळी नोकरी त्यांनी भांडारातच काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्याकडे लागले. त्यांचं नाव हजेरीपत्रकात होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. आम्ही सगळे त्यांना हवालदारच म्हणायचो.

एकदा बेअरिंगच्या पेट्या घेऊन ट्रक आला. एका पेटीत एक बेअरिंग कमी निघालं. ड्रायव्हरला पुढे कोल्हापूर गाठायचं होतं. तो हातापाया पडला. हवालदारांनी त्याला चहा पाजला, आपल्या डब्यातली भाकरी वाढली, सही मात्र दिली नाही. "गड्या, आज एक सोडलं की उद्या पेटी सोडावी लागती," म्हणाले. सांगलीहून कमी पडलेलं बेअरिंग घेऊन माणूस स्कूटरवरून आला तेव्हाच ट्रक हलला.

दिवाळीच्या फराळाच्या डब्याचंही तेच. डब्यावर चिकटवलेल्या यादीत चिवडा होता, आत नव्हता. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या आणि डबे उचलले. हवालदार उभेच. "आवं साहेब, यादीत चिवडा हाय, डब्यात न्हाई." थोरले साहेब हसले आणि त्यांनी बाजारातून चिवडा मागवला, तोही सगळ्यांसाठी. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. त्याच्याशी काम पडलं की डोकं उठतं, आणि तो दोन दिवस रजेवर गेला की कारखान्यातल्या वस्तूंना पाय फुटतात.

या माणसाचे डोळे जायला लागले.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा खराब होतोय, चष्म्याने काही होणार नाही. बोल्टचे आटे बोटाने चाचपून ते माप सांगायचे आणि ते कधी चुकलं नाही. पण रॅकवरच्या कार्डावर नोंद करायची तर भिंग लागायचं, आणि भिंग धरूनही आकडे ओळ सोडून खाली उतरायचे. मी संध्याकाळी जाऊन गुपचूप ते नीट लिहून ठेवायची. त्यांना ते कळत होतं. माझ्या टेबलावर कधी पेरू असायचे, कधी भुईमुगाच्या शेंगा.

मग थोरले साहेब घरी बसले आणि कारभार धाकट्या साहेबांकडे आला. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हवालदार, दिवाळीनंतर स्टोअर कॉम्प्युटरवर. तुम्हाला जमलं तर तुम्ही, नाहीतर दुसरा माणूस बघतो." बोलायची ही काय रीत झाली? पण हवालदारांनी फक्त "जी साहेब" म्हटलं.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. साहेबांना फिरतीवर न्यायलाही उपयोगी पडेल म्हणून लॅपटॉपच घ्यायचं ठरलं. सांगलीच्या दुकानात मला आणि हवालदारांना पाठवलं. यंत्र ज्याच्यावर चालतं ती सिस्टीम आता जुनी होत आली आहे, दुकानदार सांगत होता, नवी पावसाळ्यात येईल. यंत्र आत्ता घ्या, नवी सिस्टीम कंपनी फुकट पाठवेल. त्याच्याकडे नव्या सिस्टीमची दाखवायची एक प्रत होती. त्याने ती लावली आणि सहज म्हणून एक गंमत दाखवली. पडद्याच्या वरच्या बाजूला एक पट्टा यायचा आणि बाण जिथे न्याल तिथली अक्षरं त्या पट्ट्यात पेरूएवढी मोठी व्हायची.

हवालदार पुढे सरकले. मान जराशी तिरकी करून, कारण सरळ बघितलं की त्यांना मधोमध काळा डाग दिसायचा, ते वाचायला लागले. एकेक आकडा, एकेक अक्षर, शाळेतल्यासारखं मोठ्याने. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. वाचून झाल्यावर त्यांनी खिशातलं भिंग काढलं, जरा बघितलं आणि परत ठेवलं. "बाई, ह्याच्यावर मी अजून धा वर्सं स्टोअर चालवतो," म्हणाले. परत येताना माझ्या लुनाच्या मागे बसून त्यांनी सगळ्या पाट्या वाचायचा प्रयत्न केला. त्यातल्या निम्म्या चुकल्या आणि आम्ही दोघेही हसलो.

लॅपटॉप आला, जुन्या सिस्टीमचा. सोबत एक कार्ड होतं, इंग्रजीत. मी वाचून दाखवलं: माल संपूर्ण आणि सुस्थितीत मिळाला, खाली सही आणि शिक्का.

"पुरा कुटं मिळालाय? नवी सिस्टीम यायची हाय न्हवं?"

"ती मागाहून येणार आहे, हवालदार."

"मग सहीबी मागनं."

टक्. मी कार्ड फायलीत लावलं. ते मी उलटून बघितलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी लॅपटॉप स्टोअरच्या फळीवर ठेवला आणि त्याला लाल चिठ्ठी बांधली, 'अपुरा माल'. सैन्यातल्या भांडारात म्हणे तसंच करतात. चिठ्ठीचा माल वापरायचा नाही आणि हलवायचाही नाही. धाकटे साहेब फिरतीसाठी मागायला आले, तर त्यांनाही दिला नाही. रोज सकाळी पंचा ओला करून ते त्याचं झाकण पुसायचे. मी म्हटलं, जुन्या सिस्टीमवर निदान हात तरी बसवा. त्यांनी एकदा माझ्या आग्रहाखातर तो उघडला, नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले आणि मिटून ठेवला.

दर सोमवारी ते ऑफिसात येऊन लॅपटॉपच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावायला सांगायचे. फोनवर ताठ उभे राहून बोलायचे. "जय हिंद. कुपवाडवरनं बोलतोय. आमची सिस्टीम कवा येणार?" पलीकडची बाई सांगायची, "तुमचं प्रोसेसमध्ये आहे." ते मला विचारायचे, "प्रोसेसमदी म्हंजी निघालंय का न्हाई?" काय सांगणार! मी म्हणायची, "निघेल आता." मी पत्रंही लिहिली. उत्तरं आली, छान जाड कागदावर, आपल्या संयमाबद्दल आभार मानणारी. संयम आम्ही त्यांना कधी दिला होता? तो त्यांनी परस्पर घेतला होता.

श्रावणात नागपंचमीला हवालदार दरवर्षी गावाकडे जायचे. शिराळ्याची नागपंचमी त्यांनी सैन्यात असतानाही रजा जमेल तशी साधली होती. त्या वर्षी गेले नाहीत. "मी तिकडं आन् पार्सल हिकडं आलं, तर घ्यायचं कुनी?" सणाच्या दिवशी ते फाटकापाशी स्टूल टाकून बसले होते. पोस्टमन आला, विजेचं बिल देऊन गेला.

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट सांगलीच्या दुकानात गेले. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "कार्ड कधी पाठवलंत?"

"कसलं कार्ड?"

त्याने खणातून तसलंच एक कोरं कार्ड काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं की सही केलेलं कार्ड साठ दिवसांत मिळाल्यावरच नवी सिस्टीम पाठवली जाईल.

तुम्हीच सांगा. ज्या माणसाला मोठी अक्षरं हवीत म्हणून यंत्र घेतलं, त्याच्यासाठीची अट कुठे छापायची तर तिथे? आणि माल मिळण्याआधी माल मिळाल्याची सही मागायची? मी त्या दुकानात इतक्या मोठ्याने बोलले की समोरचा कापडवाला पायऱ्या उतरून आला. इतके सोमवार फोन केले, एकाही सोमवारी त्या बाईला 'तुमचं कार्ड आलेलं नाही' एवढं बोलता आलं नाही? मग प्रोसेसमध्ये होतं काय? दुकानदार म्हणाला, "मॅडम, ते मुंबईचे लोक बघतात. आमच्याकडे काही नसतं." यंत्र विकताना बरं सगळं त्याच्याकडे होतं.

हवालदारांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. ते स्टोअरमध्ये वॉशर निवडत होते. मी फायलीतलं कार्ड काढून मागची बाजू वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

"म्हंजी त्यांनी माजी वाट बगितली आन् मी त्यांची."

"त्यांनी कुणाची वाट बघितली नाही, हवालदार. त्यांना तुम्ही आहात हेसुद्धा माहीत नाही. आणि चूक माझी आहे, मी कार्ड उलटलं नाही."

"तुमी नका मनाला लावून घिऊ. सही माजी हुती."  मग त्यांनी खिशाचं पेन काढलं. "कुटं करायची? बोट ठिवा."

मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी सही केली. शेवटची रेघ कागद सोडून माझ्या नखावरून गेली. मला इतका संताप आला होता की शिक्का मारताना टेबल हललं.

साठ दिवस केव्हाच उलटले होते, तरी कार्ड रजिस्टर पोस्टाने पाठवून मी धाकट्या साहेबांकडे गेले. म्हटलं, ही सिस्टीम विकत मिळते, घेऊन टाकू. ते म्हणाले, "फुकट मिळणार म्हणून तर हे यंत्र घेतलं. आता पुन्हा खर्च कशाला? आणि मी माणूस बघितलाय." त्याच आठवड्यात त्यांच्या केबिनमध्ये नवा गालिचा आला होता. मी त्यावर चपलांसकट उभी राहिले. माझ्या हातात तेवढंच होतं.

दिवाळीनंतर नवा माणूस आला. पदवीधर होता, वागायला बरा होता, त्याला बोल लावत नाही. हवालदारांनी तीन दिवस खपून स्टोअर त्याच्या ताब्यात दिलं. एकेका खणात हात घालायचे आणि सांगायचे, हे अमुक, इतक्या आट्याचं, ह्यातले दोन गंजलेत. नवा माणूस रॅकवरचं कार्ड बघून मान डोलवायचा, कुठेही फरक निघाला नाही. शेवटी शाल, नारळ आणि साहेबांचं दोन मिनिटांचं भाषण. त्यात त्यांनी हवालदारांच्या आडनावाची चूक केली. हवालदारांनी ती दुरुस्त केली नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर पाकीट आलं. आत चकती होती, नवी सिस्टीम, फुकट. सोबत छापील पत्र: आमच्या परिवारात आपलं स्वागत. उशिरा का होईना, कुणीतरी ते कार्ड खरंच उघडून बघितलं होतं. म्हणजे साठ दिवसांची ती अटही खरी नव्हती! त्यांनी मनात आणलं असतं तर कधीही पाठवू शकले असते. त्या दिवशी मी जेवले नाही.

दुकानाच्या माणसाने येऊन सिस्टीम बसवली. त्याच शनिवारी संध्याकाळी मी कुणाला न विचारता लॅपटॉप पिशवीत घातला आणि रविवारी सकाळच्या एसटीने शिराळ्याला गेले, तिथून वडापच्या जीपने त्यांच्या गावी.

ते अंगणात खाटेवर बसले होते. पायरव ऐकून त्यांनी विचारलं, "कोन हाय?" मी नाव सांगितल्यावर गडबडीने उठले, आणि तेवढ्यात त्यांचा पाय पाण्याच्या कळशीला लागला. कळशी अगदी समोर होती. त्यांच्या बायकोने मला आत बोलावून चहा ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, "कार्तिकापास्नं लय कमी झालंय."

मी तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण मी आणलं काय आहे ते त्यांनी ओळखलं होतं. "आली व्हय सिस्टीम? दावा की बाई." मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, चालू केला, तो पट्टा उघडला आणि आमच्या स्टोअरची यादी लावून दिली. त्यांनी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. बोटं झाकणावरून फिरत होती. मी कंपनीचं ते स्वागताचं पत्र त्यांना रागारागाने सांगत राहिले, कारण गप्प बसले असते तर रडले असते.

बोलता बोलता माझं लक्ष पडद्याकडे गेलं. तो काळा झाला होता. निघायच्या घाईत चार्ज करायचं राहिलं होतं, बॅटरी उतरली होती. कधी बंद पडला, मला कळलंच नाही.

हवालदार अजून त्याच्यावर वाकलेलेच होते.

"लय मोटी अक्षरं हायती," ते म्हणाले. "येकदम झ्याक. तुमी येवढ्या लांबनं घिऊन आलासा, लय ब्येस केलंसा." आणि मग माझ्याकडे, म्हणजे मी जिथे आहे असं त्यांना वाटत होतं तिकडे, तोंड वळवून म्हणाले, "आता बंद करा बाई. उगं बॅटरी जायाची."

मी झाकण मिटलं.