पाचर मारलेली सायकल

जगात हलण्याचा हक्क फक्त झाडाच्या पानाला आहे, असं माझ्या थोरल्या भावाचं ठाम मत. बाकी काही हललं, डुगडुगलं, कुरकुरलं की दादाचा हात सदऱ्याच्या खिशात गेलाच समजा. दुसऱ्यांच्या खिशात सुपारी असते, याच्या खिशात बाभळीच्या पाचरी. देवळातला पाट, शाळेतला फळा, मांडवाचा खांब, त्यानं कशाकशाला पाचर मारली नाही! माझ्या मुलीला पाहायला अकोल्याला पाहुणे आले, पोहे चाललेले, अन् हा मुलाच्या बापाला म्हणतो, "उठा बरं पाहुणे, तुमची खुर्ची हालून राहिली." लागला खाली वाकून ठोकायला! तरी लग्न जमलं, हा त्या माणसांचा मोठेपणा. वहिनी होती तेव्हा तिला एकच हौस, बंगईवर बसून कुरकुर झोके घ्यायची. त्या झोपाळ्याच्या कड्यांतही यानं पाचरी ठोकल्या. आवाज गेला, झोकाही अर्धा झाला. "थोडं तं हालू द्या ना जी," ती बिचारी म्हणायची.

दादाचा सगळा जीव शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत. जायचं पांधणीच्या कच्च्या गाडीवाटेनं, त्याच्या जुन्या काळ्या सायकलवर. आमची पांधण म्हणजे पावसात बैलगाड्यांनी उकरायची अन् उन्हानं दगड करून ठेवायची. शेवटी दादाच्या मणक्यांनी हात टेकले. डॉक्टरनं सायकल बंद केली, मोटारसायकल याला येत नाही. अमरावतीहून त्याचा मुलगा, माझा भाचा, येऊन म्हणाला, "बाबा, बाग ठोक्यानं दुसऱ्याले कसायले देऊन टाकू, तुमी आमच्याकडे चला." दादानं मला फोन केला, "बाई, मले चौथ्या माळ्यावर नेऊन ठेवून राहिले. तिथं काय पाहू, कुंड्या?"

मग मीच गावाला आले अन् भाच्याला म्हटलं, तुझी ती चिखलदऱ्याच्या घाटात मिरवायची सायकल आण. पुढं शॉकअप, मागं शॉकअप, चाकं जाडजूड. बोली ठरली: पांधणीनं बागेपर्यंत जायचं, कमरेला हात न लावता उतरला, तर बाग दादाकडेच.

"कॅरेज नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. हे सायकल हाय का सायकलचा सांगाडा?" म्हणत दादा बसला, तर ती त्याच्या वजनानं खाली दबली. हा झटक्यात उतरला. "अबे, शिकल्या माणसाची सायकल आन् सांधा ढिला?"

"ढिला नाही बाबा, तो तसाच असते!"

ऐकतो कोण? ठक ठक ठक, सीटखालच्या सांध्यात पाचर बसलीसुद्धा. भाचा काढायला गेला, तर म्हणाला, "पाचर राहीन, नाही तं मी नाही."

मी भाच्याच्या मोटारसायकलवर मागं. पहिल्याच चाकोरीत दादाचं तोंड आंबट झालं. दुसरीत तो हातभर उडाला अन् त्याचा हात कमरेकडे निघाला. "दादा, हात लावू नको!" मी ओरडले. त्यानं हँडलची मूठ पुन्हा धरली, तेवढ्यात नाल्याच्या उतारावर सायकल धाडकन आदळली आणि पाचर उडाली ती थेट पळसाच्या झुडपात.

अन् काय सांगू! धोंडा आला, सायकल खाली बसली, वर उठली, दादा जिथल्या तिथं. डोहात म्हैस शिरावी तशी ती खड्ड्यात शिरायची अन् तशीच निवांत बाहेर यायची. दादा आधी घाबरून खाली पाहत होता. मग वळून ओरडला, "बाई! खड्डा हाय, पण मले लागूनच नाही राहिला!" जन्मभर खड्डे चुकवलेला माणूस आता खड्डे हुडकू लागला. सपाट वाट सोडून मुद्दाम धोंड्यांवर घाली. बागेतल्या बाया काम सोडून कडेच्या धुऱ्यावर, बांधावर आल्या. एक म्हणाली, "बाबाजी, सासुरवाडीले निंघाले का?"

दादा उतरला. दोन्ही हात आभाळात! "जाय, सांग तुह्या डॉक्टरले," तो पोराला म्हणाला, "बाग माहीच."

येताना मी झुडपाकडे बोट दाखवलं. "पाचर हुडकू का रे?" तो थांबला, पाहिलं. "राहू दे," म्हणाला.

संध्याकाळी चुलीपुढं होते, तर बैठकीतून आवाज आला, कुर्र, कुर्र. किती वर्षांनी! चहा घेऊन गेले. कड्यांतल्या पाचरी उपटून खाली टाकलेल्या, अन् दादा बंगईच्या एका कडेला बसलेला. मला बसायला सांगितलं, पण खुर्चीवर. शेजारची जागा तशीच मोकळी ठेवून तो पायानं हळूहळू झोका देत राहिला.