बाणावरची टिकली
लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला भडगावच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानातला माझ्या कामाचा दुसराच दिवस आठवतो, तान्ही पोर मांडीवर, आणि समोर एक आबा बसलेले, त्यांच्या वारलेल्या बायकोचा एकुलता एक व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये होता, तो कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा होता. मी पेन ड्राइव्हच्या नावावर दाबायला गेले, पोरीनं हात ओढला, नावाला चिकटून असलेला, पेन ड्राइव्ह बाहेर काढायचा तो बारीक बाण दाबला गेला आणि पेन ड्राइव्हचं नावच स्क्रीनवरून गायब! आबा घाबरून म्हणाले, "मनी म्हातारी कोठे गई व माय?" मला तर रडूच फुटलं. दुकानवाल्या भाऊंनी पेन ड्राइव्ह काढून परत लावला, म्हणाले, "रडू नको, बठ्ठं शे," म्हणजे सगळं जागेवर आहे. मी पुन्हा दाबायला गेले तर मेला पुन्हा तोच बाण! उघडायचं आणि काढायचं इतकं शेजारी कोण ठेवतं? चिडून मी कपाळाची टिकली काढली आणि स्क्रीनवर त्या बाणावरच चिकटवली, मग कुठे व्हिडिओ उघडला, पार स्क्रीनभर, आणि टिकली आली नेमकी म्हातारीच्या कपाळावर. आबा स्क्रीनकडे बघतच राहिले, "म्हातारीले टिकली लाई दिनी व तू!" आता दुकानात कॉम्प्युटर नवा आलाय, बाण मात्र मेला तिथंच आहे, म्हणून टिकल्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये असतंच.