भिंतीकडे तोंड केलेले मुखवटे

माझी मैत्रीण वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षात अडकले होते. तिचे दिवस होतात न होतात तोच दुसरा फोन आला, तिच्याकडच्या मुखवट्यांचं स्कॅनिंग करू पाहणाऱ्या कंपनीतून. "मॅडमनी तोंडी होकार दिला होता," पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला. इतका गोड आवाज ऐकला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच...

गंगापूर रोडवरच्या तिच्या दोन खोल्यांत सुरगाण्याकडच्या बोहाड्याचे मुखवटे असत. देवांची सोंगं नाचवण्याचा हा उत्सव आला की मुखवटे गावी जात आणि प्रदर्शन बंद. एरवी ते भिंतीकडे तोंड करून टांगलेले. प्रत्येकाच्या पाठीवर मालकाचा नंबर. बघायचं असेल तर आधी त्याला फोन करायचा. तो हो म्हणाला तरच वसुधा मुखवटा फिरवायची. मोठमोठे कलाप्रेमी यावर वैतागत. मीही एकदा म्हटलं, "वसू, हे जरा अतीच होतंय गं." ती म्हणाली, "गोऱ्या साहेबाने पेटीत घालून नेले, हे कॉम्प्युटरमध्ये घालून नेतील. विचारलं का कोणी?" कंपनी सगळं फुकट करणार होती. स्कॅन कोणाच्या मालकीचं राहणार, या तिच्या प्रश्नाला मात्र उत्तर आलं नव्हतं.

मग होकार कसा दिला? आजारपणात माणूस कशालाही मान डोलावतं. किल्ली आणून मी खोली उघडली. सगळे मुखवटे पाठमोरे, फक्त तिच्या खुर्चीसमोरचा वाघोबा खोलीकडे तोंड करून बसलेला. म्हणजे कंपनीचं स्कॅनिंग सुरूसुद्धा झालं... मला तिचा रागच आला.

वाघोबा उतरवून पाठीवरचा नंबर लावला. त्याचे मालक काशिनाथभाऊ, त्यांनी उचलला. कंपनीला परवानगी दिलीत का, मी विचारलं.

"कंपनी? नाय बा. ताईंचाच फोन व्हता, दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी. म्हनल्या, भाऊ, मला एकदा बघायचाय, फिरवू का? म्या म्हनलं, ताई, तुमी कशाला इचारता? तर म्हनल्या, इचारल्याबिगर नाय."

स्वतःसाठीही विचारणारी बाई दुसऱ्याच्या वतीने होकार देईल? मी तिच्या खुर्चीत बसून रडले. कंपनीवाल्याला आता भाऊंचा नंबर दिलाय. त्याने अजून लावलेला नाही, आणि लावेल असं मला वाटतही नाही.

वाघोबाला परत भिंतीकडे करू का, असं मी भाऊंना विचारलं होतं. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बोहाड्याला न्यायला येईन तवर ताईंच्या खुर्चीकडं बघू द्या त्याला."