ती बातमी कोचने स्वतः सांगितली

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून फोरमवर लिहितेय. नाव-गाव सांगणार नाही.

मी इथे लीड्सजवळ हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे. चोवीस वर्षांचा एक रग्बी लीग खेळाडू आमच्या वॉर्डात आहे. मॅचमध्ये मानेला जबर मार बसला. तो चालेल, फिरेल, पण खेळणं कायमचं बंद. आज कन्सल्टंट डॉक्टर त्याला ते सांगायला निघाले, तर त्याचा कोच म्हणाला, "मी सांगू का?" कोच पन्नाशीचा, एके काळी स्वतः प्रोफेशनल खेळलेला.

बेडशेजारी बसून त्याने सरळ सांगितलं, "तुला आता खेळता येणार नाही. कधीच नाही."

खेळाडूने नजर छताकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "मान दुखतेय हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"हो," कोच म्हणाला. "सांगितलं होतंस."

बाहेर मी कोचला चहा आणून दिला, पण त्याने हातही लावला नाही. म्हणाला, "माझा गुडघा दुखायचा तेव्हा मीही माझ्या कोचला सांगितलं होतं. त्याने इंजेक्शन देऊन मला मैदानात उतरवलं आणि माझं खेळणं तिथेच संपलं. स्वतः कोच झालो तेव्हा ठरवलं होतं, आपण असं कधी करायचं नाही."

मग "मॅच महत्त्वाची होती" एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

"तुमची चूक नाही" असं माझ्याने म्हणवेना. मी नुसती शेजारी बसून राहिले. तुम्ही काय म्हणाला असतात?